कंडक्टर नावाची माशी

रामलिंग हालकुडे एका जागी स्वस्थ बसलेला त्याच्या आईनंही कधी पाहिला नव्हता. मुरुडच्या शाळेत गुरुजी त्याला बसवून बसवून दमले. शेवटी घंटा द्यायचं, पाणी भरायचं आणि हजेरीचं पुस्तक हेडमास्तरांकडं पोचवायचं काम त्यांनी कायमचं त्याच्याच गळ्यात घातलं. पुढं तो एसटीत कंडक्टर झाला तेव्हा गावातल्या जाणत्यांनी माना डोलावल्या. "बरं झालं," ते म्हणाले, "ह्याला हिंडायचा पगार मिळंल." एकोणतीस वर्षं तो लातूर आगाराच्या गाड्यांतून पुढून मागं आणि मागून पुढं चालत राहिला. स्वतःची सीट रिकामी असली तरी हा आपला दारात उभा.

मग निवृत्त होऊन लातूरच्या घरी बसायची पाळी आली, आणि पंधरा दिवसांत बायको महानंदा मेटाकुटीला आली. सकाळपासून हा गच्चीवर, गच्चीवरून अंगणात, अंगणातून कोपऱ्यापर्यंत, तिथून पुन्हा स्वयंपाकघरात. डब्यांची झाकणं उघडून बघायचा. पंखा पुसायचा, आणि पुसलेला पंखा जेवण झाल्यावर पुन्हा पुसायचा.

"अहो, गाडी आगारात लागली," ती म्हणायची. "आता तरी उतरा."

असल्या माणसाला मासे धरायचा नाद आहे हे कळल्यावर लोक हसायचे. गळ टाकून बसणं म्हणजे बगळ्याचं काम. पण रामलिंगचा नाद वेगळा होता. तो त्याला नोकरीत असतानाच लागला होता. नांदेडला गाडीचा तीन तासांचा थांबा होता. बाकीचे कंडक्टर-ड्रायव्हर विश्रांतीगृहात आडवे झाले आणि हा चालत चालत गोदावरीच्या काठाला गेला. तिथं एक गोरापान म्हातारा पाण्यात गुडघाभर उभा राहून लांब दोरी हवेत मागं फेकत होता, पुढं फेकत होता. दोरीच्या टोकाला अळी नव्हती, कणीक नव्हती. पिसाची आणि जरीची एक बारीकशी माशी होती, हातानं बांधलेली. ती पाण्यावर टेकली न टेकली की म्हातारा ती पुन्हा उचलायचा, दोन पावलं सरकायचा, पुन्हा फेकायचा. रामलिंग तासभर बघत राहिला. बसायचं नसलेली मासेमारी जगात आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

म्हाताऱ्याचं नाव निजामोद्दीन. नांदेडच्या इतवाऱ्यात त्यांचं सेहऱ्यांचं दुकान. नवरदेवाच्या तोंडावर सोडायचे जरीचे, मोत्याचे, फुलांचे सेहरे तीन पिढ्या त्यांच्याच घरी बनत आले. त्यांचा एक मामा रेल्वेत होता, त्याला कुण्या गार्डसाहेबानं जुनी गळाची काठी आणि माश्या बांधायची विद्या दिली, आणि मामानं ती भाच्याला. जरी, रेशीम, कलाबतू घरात होतीच. पिसं शेजारच्या कोंबडीवाल्याकडं. त्यामुळं निजामभाईंच्या माश्या बघितल्या की माशाच्या आधी माणसाच्याच तोंडाला पाणी सुटायचं.

रामलिंगला त्यांनी काठी धरायला शिकवलं, माशी बांधायला शिकवलं. लातूरला आल्यावर त्यानं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत टेबल मांडलं आणि टेबलाला गळ घट्ट धरणारा छोटा शिकंजा बसवला. महानंदा लिंगायताची लेक. घरात कांदासुद्धा सोमवारी चिरायची नाही, तिथं कोंबड्याचं पीस कुठून चालणार? चार दिवस ती बोलली नाही. मग तह झाला. पिसं गच्चीच्या खाली उतरायची नाहीत, हात धुतल्याशिवाय ह्यांनी कशाला शिवायचं नाही, आणि धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. शेवटचं कलम तर रामलिंगला मुळातच मान्य होतं. मासा खाऊन करायचं काय? त्याला फेकायचं होतं, चालायचं होतं आणि पुन्हा फेकायचं होतं.

दरवर्षी दिवाळीच्या आधी निजामभाई माश्यांची अदलाबदल करायचे. त्यात मराठवाड्यातले दहा हौशी लोक होते. प्रत्येकानं एकाच जातीच्या दहा माश्या बांधून नांदेडला पाठवायच्या. निजामभाई त्या मिसळून दहा डब्या करणार, प्रत्येक डबीत दहा जणांच्या दहा माश्या, आणि डब्या आपापल्या गावी रवाना. रामलिंगनं पहिल्या साली आपला जुना खाकी स्वेटर उसवला आणि त्या लोकरीची माशी बांधली, वर काळ्या कोंबड्याचं पीस आणि पोटावर जरीचे तीन वेढे. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'कंडक्टर'. चिलापी मासा तिच्यावर तुटून पडायचा. त्या दहा जणांच्या फोनवरच्या ग्रुपवर फोटो यायचे. "कंडक्टरनं तिकीट फाडलं" असं लिहून लोक मासा दाखवायचे. असे फोटो आले की रामलिंग फोन घेऊन खाली यायचा, महानंदाला दाखवायचा, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला दाखवायचा. पाच वर्षं हे असंच चाललं.

सहाव्या साली, डब्या पोचून आठवडा झाला असेल नसेल, देगलूरच्या मलप्पाचा फोन आला. मलप्पा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळायचा धंदा करायचा. तांब्याची तार आयुष्यभर हातात असल्यामुळं वेढा म्हणजे काय हे त्याला डोळे मिटून कळायचं.

"रामलिंगअण्णा, औंदा काय केलास?" तो म्हणाला. "दुसऱ्या फेकीला तुझी माशी उकलली. नुसता लोखंडी गळ हातात आला बघ."

"माशानं दात मारला असंल."

"मासा लागलाच न्हाई की. हवेतच सुटली. आणि ऐक, गेल्या सालची तुझी माशी अजून हाय माझ्याजवळ. तीस-पस्तीस मासे खाल्लेत तिनं. एक वेढा ढिला न्हाई. म्हणून इचारायलो."

रामलिंगनं फोन ठेवला आणि गच्चीवर येरझाऱ्या घालायला लागला. संध्याकाळी भोकरच्या ग्यानोबानं ग्रुपवर फोटो टाकला. हातात उघडा गळ, खाली खाकी लोकरीचा गुंता, आणि शेजारी हसरं तोंड. त्या हसऱ्या तोंडानं रामलिंगच्या अंगाची लाही झाली. आपली माशी उकलते हे त्याला अगदीच नवीन नव्हतं. स्वतःजवळच्या माश्या लातूरजवळच्या तावरजाच्या तळ्यावर दोन-चार माशांत विस्कटायच्या, पण ते त्यानं चिलापीच्या दातांच्या नावावर टाकलं होतं. लोकांकडं गेलेल्या मात्र वर्षवर्ष टिकायच्या. मग औंदाच काय झालं? एकच गोष्ट होऊ शकत होती. निजामभाई म्हातारे झाले, वाटणीत गोंधळ झाला, कुणाचातरी माल आपल्या नावावर खपला.

विचार आला आणि बोटं चालली. त्यानं ग्रुपवर लिहून टाकलं: "यंदा नांदेडला वाटणीत घोळ झालेला दिसतो. ही माझ्या हातची माशी नव्हे."

लिहिल्यावर पाच मिनिटांनी त्याला ते बरं वाटेना. दहा मिनिटांनी पुसावंसं वाटलं, पण तोवर आठ जणांनी वाचलं होतं. निजामभाईंनीही वाचलं होतं. त्यांचं काही उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. रामलिंगला जेवण जाईना. तो ताटावरून दोनदा उठला.

"जाऊन या ना एकदाचं नांदेडला," महानंदा म्हणाली. "घराला भोकं पडायलीत तुमच्या चालण्यानं."

सकाळच्या पहिल्या गाडीनं तो निघाला. खिडकीची जागा मिळाली होती, पण चाकूर यायच्या आत तो उठून दांड्याला धरून उभा राहिला. नवीन कंडक्टर पोरगी होती, छातीवर पुनम नावाचा बिल्ला. ती म्हणाली, "काका, जागा हाय तर बसा की. मला पुढं जायला येईना." आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला गाडीत वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं होतं. तो बसला. अहमदपूर गेलं, माळाकोळी गेलं, लोहा गेलं. गाडी गोदावरीच्या पुलावर आली तेव्हा निजामभाईंशी काय बोलायचं ते त्यानं सतरा वेळा जुळवून सतरा वेळा मोडलं होतं.

इतवाऱ्यातल्या घराचं दार साबेराभाभींनी उघडलं. निजामभाईंच्या बेगम. डोक्यावर ओढणी, हातात सुई, सुईत मोती.

"आवो भाईसाब," त्या म्हणाल्या, पण नेहमीसारख्या हसल्या नाहीत.

आत निजामभाई काळा चष्मा लावून दिवाणावर बसले होते. एका डोळ्यातला मोतीबिंदू काढून महिना झाला होता, दुसऱ्याचा अजून काढायचा होता, आणि बारीक काही दिसत नव्हतं. हे त्यांनी कुणालाच कळवलं नव्हतं.

"रामलिंग ना? पावलांवरूनच वळखलो," ते म्हणाले. "बैठ. का उभा?"

रामलिंग बसला नाही. त्यानं ग्यानोबाचा फोटो दाखवायला खिशातून फोन काढला, मग समोरच्याला तो दिसणार नाही हे ध्यानात येऊन परत ठेवला. "निजामभाई, डोळ्यांची ही गत, तर डब्या कुणी लावल्या?"

"मीच लावलो. साबेरा नावं वाचायची, मी हातानं चाचपून टाकायचो."

"म्हणजे घोळ व्हायला जागा हाय."

"घोळ न्हाई झाला."

"मग माझी माशी उकलली कशी? पाच वर्षं न्हाई उकलली, आणि औंदाच?"

 निजामभाईंनी चष्मा नीट केला, नीट असलेला पुन्हा नीट केला. तेव्हा दारातून साबेराभाभी म्हणाल्या, "अब बोल डालो जी. लोगां ग्रुपमे तुमकोच बोल रहे, और तुम चुप."

"साबेरा, राहू दे."

"क्यों राहू दे?" त्या रामलिंगकडं वळल्या आणि त्याला समजावं म्हणून मराठीत म्हणाल्या, "भाईसाब, दर साल तुमचा डबा आला की ह्यांचे चार दिवस त्यातच जायचे. ब्लेडनं तुमची गाठ कापायची, पुन्हा बांधायची, नखपॉलिशचा हात द्यायचा, वाळवायचा, पुन्हा दुसरा हात. दहाच्या दहा. औंदा डोळेच न्हाईत, तर काय करतील? तुमी जशा पाठवल्या तशा गेल्या."

 रामलिंगला आधी ते वाक्य कळलं, आणि मग एकेक करून पाच वर्षं कळली. सगळे फोटो, सगळी वाहवा, मलप्पाची तीस-पस्तीस माशांची माशी. पानवाल्याला दाखवलेली सगळी चिलापी. माशीची शेवटची गाठ डोक्याशी येते. दोरा पाच वेळा स्वतःच्याच पोटाखालून घालून ओढायचा असतो, आणि वर नखपॉलिशचे दोन हात द्यायचे असतात, मधे पूर्ण वाळवून. रामलिंग दोन साध्या गाठी मारायचा, एक हात फिरवायचा आणि ओल्याचीच डबी बंद करून कुरिअरवाल्याकडं पळायचा. थांबणं त्याच्याच्यानं व्हायचं नाही.

तो म्हणाला, "म्हणजे लोक माझं नाव घेत होते ते तुमच्या गाठीमुळं."

"लोकर तुझी, पीस तुझं, रंगाची अक्कल तुझी," निजामभाई म्हणाले. "मी फक्त—"

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. चपला अर्धवट पायात सरकवून तो गल्लीत आला आणि चालत सुटला. इतवाऱ्यातून स्टँडवर आला, लातूरची गाडी लागलेली होती तीत चढला, तिकीट काढलं. पूल ओलांडताना खाली पाणी दिसलं, ते त्यानं बघितलं नाही. आपल्याला ह्या माणसानं पाच वर्षं लहान लेकरासारखं वागवलं, ह्याचा राग होता. त्याच माणसावर आपण चारचौघांत घोळाचा आळ घेतला, ह्याची लाज होती. दोन्ही एकाच वेळी उकळत होतं आणि कुठलं वर येईल ते त्याचं त्यालाच कळेना. लोह्याला गाडी थांबली. लातूरचं तिकीट हातात असताना तो खाली उतरला. कंडक्टर म्हणाला, "अहो काका, तुमचं लातूर हाय." हा म्हणाला, "हाय, पण आज न्हाई." आणि रस्ता ओलांडून नांदेडच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

दुपार कलली तेव्हा तो पुन्हा त्याच दारात होता. साबेराभाभींनी एक शब्द न विचारता ताट वाढलं. "खट्टी दाल हाय, भात हाय. भांडं वेगळं ठेवलंय तुमच्यासाठी, सकाळीच." रामलिंग जेवला. मग हात पुसून निजामभाईंच्या समोर बसला.

"पहिल्याच साली का न्हाई सांगितलं?"

निजामभाई म्हणाले, "सांगणारच होतो. माल परत पाठवायचा म्हणून पुडकं बांधून ठेवलं होतं. तेवढ्यात तुझा फोन आला. नोकरी संपून महिना झालता तुझी. म्हणालास, 'निजामभाई, ह्या दहा माश्या बांधताना मी दोन तास बसलो, आयुष्यात पहिल्यांदा.' तुझा आवाज असा होता की... मी पुडकं सोडलो आणि गाठी मारायला बसलो. दुसऱ्या साली वाटलं, आता सांगू. पण तोवर मलप्पानं तुझी तारीफ केलती. मग कसं सांगू? दर साल जास्तच अवघड होत गेलं."

"तुमी माझं भलं न्हाई केलं," रामलिंग म्हणाला. त्याला वाटलं होतं आवाज चढेल, पण चढला नाही. "पाच वर्षं मला वाटत होतं की मला येतंय. मी शिकलोच न्हाई. परत पाठवल्या असत्या तर शिकलो असतो."

"हाव," निजामभाई म्हणाले. "ते खरं हाय. ते मी चुकलोच." मग, "आणि तू बी ग्रुपवर घाई केलीस."

"केली."

मग शिकंजा निघाला. खिडकीपाशी टेबल ओढलं, साबेराभाभींनी रेशमाचं रीळ आणि साधे गळ आणून दिले. पीस नाही, लोकर नाही. नुसता दोरा आणि नुसती गाठ. रामलिंग बांधायचा आणि गळ निजामभाईंच्या तळहातावर ठेवायचा. ते चष्म्याआडून छताकडं बघत अंगठ्याचं नख गाठीखाली घालायचे आणि हलकेच उचलायचे. गाठ सुटायची.

"फिर से."

दुसरी सुटली. तिसरी सुटली. चौथी सुटल्यावर रामलिंग उठला, खोलीला दोन फेऱ्या मारून आला आणि परत बसला. पाचवीला दोरा तुटला. सहावी निम्म्यात असताना टेबलाखाली त्याचा पाय असा हलायला लागला की रीळ घरंगळून दिवाणाखाली गेलं. साबेराभाभी मोती ओवता ओवता म्हणाल्या, "भाईसाब, तुमाला बसून जमत न्हाई तर उभं राहून बांधा. शिकंजा काय, वर बी बसतोय." त्यांनी शिलाईच्या मशीनवर शिकंजा बसवून दिला. छातीच्या उंचीला आला. रामलिंग उभा राहिला, एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत बांधायला लागला. हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. माश्या बसूनच बांधायच्या असं त्यानं धरून चाललं होतं.

अकरावी गाठ निजामभाईंच्या नखाला सुटली नाही. त्यांनी पुन्हा ओढून बघितली. मग दातात धरून बघितली.

"ही राहिली," ते म्हणाले. एवढंच.

संध्याकाळच्या गाडीत चढायच्या आधी स्टँडवरच त्यानं ग्रुपवर लिहिलं. काय लिहायचं हे ह्यावेळी जुळवलं नाही. "नांदेडला घोळ झाला नव्हता. उकलली ती माशी माझीच. आजवर टिकल्या त्यांच्या गाठी निजामभाईंच्या होत्या, त्यांनी मला न सांगता मारलेल्या. मी त्यांची माफी मागतो. सगळ्यांना नवीन माशी पाठवतो." पाठवून त्यानं फोन बंद केला आणि लातूर येईपर्यंत उघडला नाही. उघडला तेव्हा दोघा-तिघांनी नुसतेच हात जोडले होते. ग्यानोबानं हसण्याचं चित्र टाकून नंतर पुसलं होतं. मलप्पानं लिहिलं होतं, "अण्णा, आमच्या धंद्यात तर हजार वेढे उलगडून पुन्हा घालावं लागतंय. घाल."

त्या दहा माश्यांना रामलिंगला पूर्ण महिना लागला. गच्चीवरचं टेबल त्यानं विटांवर चढवलं. उभं राहून बांधणं जमलं, पण पॉलिश वाळायची वाट बघणं काही केल्या जमेना. पहिला हात दिला की त्याची बोटं माशीकडं जायची, लागलं का बघायला, आणि ओल्या पॉलिशवर ठसा उमटायचा. शेवटी महानंदानं उपाय काढला. एक हात दिला की ती त्याला खाली बोलवायची आणि बाहेर पिटाळायची. गिरणीतून दळण आण, मग दुसरा हात. गंजगोलाईच्या बाजारातून हळद आण, मग वरचा खबरदारीचा तिसरा. पॉलिशचे तीस हात झाले तोवर घरातलं वर्षभराचं राहिलेलं सगळं काम उरकलं होतं, आणि स्टँडपासून गोलाईपर्यंतचा प्रत्येक दुकानदार विचारायला लागला होता की काका, आज परत?

माश्या गेल्या. देगलूरहून उत्तर आलं: "डोकं जरा जाड झालंय, पण धरलंय." रामलिंगनं ते कुणालाच दाखवलं नाही.

पुढच्या साली निजामभाईंचे दोन्ही डोळे बरे झाले होते. अदलाबदलीच्या माश्या मागवल्याचा निरोप आला आणि रामलिंगचं बूड पुन्हा ठरेना. त्यानं दहा माश्या बांधल्या, प्रत्येकीला नखानं उचलून बघितलं, पाठवल्या, आणि मग रोज फोन करायचं मनात येऊनही केला नाही. आता त्यांना दिसतंय. आता ते पुन्हा गुपचूप ब्लेड घेऊन बसले तर? चांगुलपणाची सवय सहजी सुटत नाही हे त्याला माहीत होतं. तो कोपऱ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. आठव्या दिवशी कुरिअरवाला दारात आला. हातात एक लहान पाकीट.

रामलिंगनं ते दारातच फाडलं. आत दोन खाकी माश्या होत्या, डोकी उकललेल्या, आणि वहीच्या कागदाचा तुकडा. वरच्या ओळीवर निजामभाईंचं वळणदार अक्षर: "आठ ठेवल्या. दोन न्हाई चालत. गुरुवारच्या आत पाठवणे."

महानंदा हात पुसत बाहेर आली. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून तिला वाटलं कुठून काय बक्षीस आलं.

"काय आलं?"

"दोन परत आल्या," रामलिंग म्हणाला.

"मग दात कशाला काढायलात?"

 जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत तो गच्चीवर गेला. गुरुवारला तीनच दिवस होते.